दूध बंद

कोपरी, ठाणे (पूर्व)
१८ नोव्हेंबर २०२५

चित्रा,

मायना काय लिहावा यावरच माझा बराच वेळ गेला. 'अनेक आशीर्वाद' लिहिलं तर तू म्हणशील, आधी स्वतःच्या पायाला द्या. 'प्रिय' लिहिण्याची आपली पद्धत नाही, आणि तुझी बहीण क्षिप्रा ते वाचून डोंबिवलीभर सांगेल. म्हणून नुसतं चित्रा.

फोन तू उचलत नाहीस. एकदाच उचललास आणि म्हणालीस, "फोनवर तुम्ही गोड बोलता. काय ते कागदावर लिहा. लिहिताना माणूस जरा कमी खोटं बोलतो." ठीक आहे. रिटायर झाल्यापासून मी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, त्यामुळे अक्षर लागलं नाही तर क्षिप्राला विचार. मास्तरीण आहे, गाळलेल्या जागा भरायची तिला सवय असेल.

तुझी अट मला पाठ आहे. तीन महिन्यांची साखर सातच्या आत. तोवर तू घरी येणार नाहीस, आणि मी तिथे आलो तर दार उघडणार नाहीस. सध्या ती दहाच्या वर आहे. म्हणजे आता फेब्रुवारीत पुन्हा रक्त द्यायचं आणि तोवर तू माहेरी, मी इथे. मंजूर. भांडायचं असतं तर मी पत्र लिहीत बसलो नसतो, सरळ आलेलो असतो.

खडीसाखरेच्या वाटीबद्दल मला बोलायचं नाही.

काल त्या आहारवाल्या मुलीकडे जाऊन आलो. वर्षाली. बाळकुमला एका नव्या टॉवरच्या तळमजल्यावर बसते. 'काका, काका' करते आणि ताटातली एकेक वस्तू उचलून घेते. भात गेला, पोळी एकावर आली, पोहे गेले, बटाटा गेला. साबुदाण्याचं नाव काढलं तर तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "काका, कॉफी कशी घेता?"

मी सांगितलं. पूर्ण दुधाची, जायफळ घालून, तीन चमचे साखर. दिवसातून तीनदा, आणि कोणी आलं तर त्यांच्याबरोबर आणखी एकदा.

"साखर बंद," ती म्हणाली. "आणि दूधही बंद."

साखरेचं मला कळत होतं. पण दुधाने काय घोडं मारलंय? तर म्हणे, दुधातही साखर असतेच ना काका. चित्रा, आयुष्यभर मी 'दुधात साखर' ही म्हण समजत होतो. ते निदान आहे हे मला बाळकुमला कळलं.

मी घासाघीस केली. साखर सोडतो, दूध राहू दे. अर्धं राहू दे. नुसता रंग येण्यापुरतं राहू दे. ती पोरगी डोळ्यांत बघून म्हणाली, "काका, तुम्हाला दूध हवंय की काकू?" मी तिला तुझ्याबद्दल अवाक्षर बोललेलो नव्हतो. म्हणजे तू आधीच तिला फोन करून ठेवलायस. चिडून माहेरी गेलेली बाई असली कारस्थानं करत नाही, एवढंच म्हणतो.

दूधवाल्याला सांगून टाकलं, उद्यापासून दूध बंद. "गावाला चाललात का काका?" म्हणाला. म्हटलं, नाही बाबा, इथेच आहे.

आज सकाळी पहिली कोरी कॉफी प्यायलो. खिळे उकळलेलं पाणी. दुसरा घोट पहिल्याहून वाईट होता. पण कप संपवला, विसळला आणि पालथा घातला. तू मला हट्टी म्हणतेस ना? आजवर तो हट्ट तुझ्याशी होता. आता या कपाशी आहे. बघू कोण जिंकतं.

गुरुदत्त


३ डिसेंबर

चित्रा,

तुमच्या बिल्डिंगच्या खालच्या पत्रपेटीचं झाकण बिजागरीतून निखळलंय. क्षिप्राला सांग, नाहीतर एखादं पत्र वाऱ्याने उडेल. आणि पाकिटावर तिकीट का नाही वगैरे चौकशी लावू नकोस. वर्षालीने जेवणानंतर चालायला सांगितलंय. कुठे चालायचं ते तिने सांगितलेलं नाही.

कॉफीची हकीकत ऐक. आधी वाटलं, जायफळ तरी घालावं. दुधाशिवाय जायफळ म्हणजे बाळंतिणीचा काढा. दालचिनी घातली, तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसल्यासारखं वाटलं. सुंठीने घसा साफ झाला, पण माझा घसा बिघडलेलाच नव्हता. मग आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी राकेश म्हणाला, "काका, तूप घाला. अमेरिकेत लोक बटर घालतात." त्याचं सगळं ज्ञान मोबाइलवरचं. तरी घातलं. वर तूप तरंगायला लागलं, वात सोडली असती तर देवापुढे ठेवता आलं असतं.

शेवटी कॉफीवाल्यालाच विचारलं. तो हसला. "साहेब, तुमची पावडर चिकोरीवाली. ती दुधासाठी. आणि तुम्ही ती उकळता?" म्हणजे माझ्या आईपासून आपण जी कॉफी करत आलो, ती कॉफी नव्हतीच, तो दुधाला दिलेला रंग होता. आता बिनचिकोरीची आणलीय. उकळत नाही. गरम पाणी ओतायचं, झाकायचं, गाळायचं. चांगली लागते असं म्हणणार नाही. पण आता तोंड वाकडं न करता पितो.

राकेशच्या बायकोने, जयाने, परवा बोलावून दुधाची कॉफी पुढे केली. वेलची घातलेली, वर साय. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "अहो काका, एका कपाने काय होतंय?" चित्रा, या एका वाक्यावर मी दहा वर्षं काढली. बूट चावून अंगठ्याला जखम झाली तेव्हाही मी मोजा चढवून हेच म्हणत होतो, एवढ्याने काय होतंय. डॉक्टरांनी अंगठा वाचवला तो केवळ तू मोजा ओढून काढलास म्हणून. जयाला हे सगळं सांगत बसलो नाही. कप तिच्याकडे सरकवला आणि उठलो.

बाकी ठीक. मागच्या आठवड्यात बेसिनपाशी जरा अंधारी आली, विशेष काही नाही. तू ओरडशील म्हणून डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी एक गोळी अर्धी केली. साखर उतरायला लागली की तीच गोळी जड होते, म्हणाले. म्हणजे ही चांगली बातमी आहे. तशीच वाच.

गुरुदत्त


३० डिसेंबर

चित्रा,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ: "बोटांच्या बेचक्यांत तेल लावू नका."

ना मायना, ना सही. मी ते फ्रिजवर लावलंय. दिवसातून चार वेळा वाचतो, आणि तेल लावत नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. तळवा रोज बघतो. खाली वाकून दिसत नाही, पोट मध्ये येतं, म्हणून तुझा हातातला आरसा जमिनीवर ठेवतो आणि वर पाय धरतो. कोणी पाहिलं तर म्हणेल, म्हातारा पायाला पावडर लावतोय. पण पोट कमी येतंय मध्ये. पट्ट्याला आतल्या बाजूने नवीन भोक पाडावं लागलं.

आता तो खडीसाखरेचा विषय. टाळून संपत नाही तर बोलून टाकतो. तू देवापुढे रोज वाटीभर खडीसाखर ठेवायचीस आणि ती दुपारपर्यंत अर्धी व्हायची. तू बिचारी मुंग्यांना दोष देत होतीस. देवघराभोवती खडूच्या रेघा मारल्यास. आणि मग दिवाळीनंतर एका सकाळी लवकर उठलीस, तर मी देवाच्या वाटीतले खडे कपात टाकून ढवळत होतो. पायाची पट्टी सुटून दुसराच दिवस. मी काय म्हणालो? "प्रसादाला नाही म्हणू नये."

मला वाटलं तू हसशील. तू फक्त एवढंच म्हणालीस, "देवालाही सामील करून घेतलंत." आणि बॅग काढलीस. आपल्यात बाहेर पडताना 'येते' म्हणतात. तू उंबऱ्यात 'जाते' म्हणालीस. मला ते तेव्हा ऐकू आलं होतं. मी न ऐकल्यासारखं केलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

हल्ली देवापुढे मी दोन बदाम ठेवतो. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

पेटीचं झाकण अजून तसंच आहे. क्षिप्रा ऐकत नसेल तर मी स्क्रू घेऊन येतो, खालच्या खाली लावून जातो. वर बघणारसुद्धा नाही.

गुरुदत्त


१४ जानेवारी २०२६

चित्रा,

आज संक्रांत, आणि आपल्या दारात तिळगूळ घेऊन एक माणूस आलेला नाही! मी सकाळपासून नकार पाठ करून बसलेलो. कोणी फिरकलंच नाही. अख्ख्या बिल्डिंगला माझ्या पथ्याचा धाक बसलेला दिसतो. खरं सांगतो, छाती जरा फुगली.

आणि माणसं काय बदललीत गं! एरवी पार्किंगवरून माझ्याशी हमरीतुमरीवर येणारा राकेश काल लिफ्टमध्ये भेटला, माझा हात हातात घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, काही लागलं तर केव्हाही बेल मारा. संकोच करू नका." उद्या सोसायटीचं हळदीकुंकू होतं, तेही म्हणे पुढे ढकललं. मी म्हटलं, माझ्यासाठी कशाला? तर म्हणाला, "असं कसं काका!" जयाने दुपारी पिठलं आणून दिलं. मी म्हटलं, कशाला त्रास घेतलास, मला हल्ली पूर्वीसारखी भूकच लागत नाही. ही वर्षालीची किमया, पोटात भात नसला की भूक खरंच कमी लागते. तर जयाने पदर डोळ्यांना लावला. मी पथ्य करतोय म्हणून शेजारणीला रडू येतंय, आणि माझी बायको डोंबिवलीला पाय पसरून बसलीय.

हां, सांगायचं राहिलं. परवा सरस्वती आलेली. गुडघ्याने धरलं होतं म्हणून दोन महिने कोळीवाड्यातच पडून होती, आता पुन्हा टोपली घेऊन फिरते. दारातूनच हाक, "बाय कुटं हाय?"

मी म्हटलं, "गेली."

"गेली?"

"गेली." आपलं भांडण मी कोळणीला कशाला सांगत बसू?

"कवा रं भाऊ?"

"काय सांगू आता. सगळं एकदमच झालं. डोंबिवलीला बहिणीकडे."

ती टोपली उतरवून मटकन खालीच बसली. गुडघा असेल. मी आत जाऊन कॉफी आणली. आपल्याकडे आता कोरीच, दूध घरात नाही. तिने कपात बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. (थंडीत रोज दाढी करायचा कंटाळा करतोय, ओरडू नकोस.) एरवी साखर कमी पडली म्हणून भांडणारी बाई, गपचूप प्यायली. पापलेट ताजं होतं, पण मला साफ करता येत नाही म्हणून नको म्हटलं. तर आग्रह नाही काही नाही. "नाय रं भाऊ, आता कसा घेशील," म्हणाली आणि उठली. फार समजूतदार झालीय.

तुला तिळगूळ पाठवत नाही. घरात नाहीच.

गुरुदत्त


१६ जानेवारी

चित्रा,

तू जिवंत आहेस. हे मी आधी कागदावर लिहून घेतो, कारण काल संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये मी सोडून सगळ्यांसाठी तू गेलेली होतीस.

तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं ऐक. सहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात राकेश, जया, राकेशची आई, मागे सरस्वती आणि तिच्या वाड्यातल्या दोघी. चपला बाहेर काढून सगळे आत आले आणि खाली सतरंजीवर बसले. सोफा रिकामा. मला वाटलं सोसायटीत कोणीतरी गेलं. मी विचारलं, "कोण गेलं?"

जया राकेशला हळूच म्हणाली, "धक्का बसलाय त्यांना." मग माझ्याकडे वळून, "काका, रडा. मोकळे व्हा."

राकेशची आई म्हणाली, "अहेवपणी गेली. सोनं झालं तिचं."

आणि मग सरस्वतीने गळा काढला. "माजी बाय गं! तिच्या घरान माज्या हातान बिनदुधाची काफी आली रं! तवाच समजली मी. दुखवट्याच्या घरानच कोरा देतात!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गेली. कोरी कॉफी. वाढलेली दाढी. मासे नकोत. दूध बंद. तिळगूळ नाही. पिठलं.

मला हसू यायला हवं होतं. एरवी मी असला किस्सा वर्षभर सांगत फिरलो असतो. तोंड उघडलं, पण 'अहो, ती जिवंत आहे' हे चार शब्द जुळेनात. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तेवढ्या वेळापुरती चित्रा, तू खरंच नव्हतीस. उद्या सकाळी उठून मी कोणासाठी ती काळी कॉफी पिणार होतो? सात काय आणि दहा काय, कोण विचारणार होतं? बेचक्यांत तेल लावू नका, हे कोण लिहिणार होतं?

मग वाटलं, ही सगळी माणसं बरोबर घरात आलीत, फक्त चुकीच्या माणसासाठी. ती माझ्यासाठी यायची होती. याच सतरंजीवर बसली असती. राकेशची आई तुला सोनं झालं म्हणाली नसती, दुसरंच काहीतरी म्हणाली असती. आणि तू आत उभी राहून सगळ्यांसाठी कोरा चहा गाळत राहिली असतीस, तुझ्या बाबांच्या वेळी गाळलास तसा. आधी त्यांचा पाय गेला, मग ते. त्या दिवसाबद्दल तू कधी बोलत नाहीस. माझ्या अंगठ्याला पट्टी होती तेव्हा एकदाच म्हणालीस, "मला पुन्हा तो चहा गाळायचा नाही." आणि मी म्हणालो, "मग कॉफी गाळ."

हे मी म्हणालो होतो, चित्रा. आणि स्वतःच हसलो होतो.

काल तिथे बसून रडलो. चांगला हमसून रडलो. मंडळींना बरं वाटलं. जयाने पाणी दिलं. आणि तेवढ्यात राकेशची आई पुन्हा म्हणाली, "रडू नका हो, भाग्याची होती, सोनं झालं," आणि माझं टाळकं सटकलं. मी ओरडलो, "सोनं कसलं डोंबलाचं! डोंबिवलीला गेलीय ती! माझ्यावर चिडून गेलीय!"

कोणाचाही विश्वास बसला नाही. राकेश माझा खांदा थोपटत राहिला. शेवटी मी म्हटलं, लावा क्षिप्राला फोन. जयाने लावला, स्पीकरवर टाकला, आणि पलीकडून हॅलो ऐकल्याबरोबर रडवेल्या आवाजात विचारलं, "क्षिप्रामावशी, चित्राकाकू कधी गेल्या हो?"

आणि तू म्हणालीस, "कुठे जाणार? मीच बोलतेय. क्षिप्रा अंघोळीला गेलीय, मी मेथी निवडतेय."

सरस्वतीने आधी देवाला हात जोडले, मग तुला "शंभर वरसा जग गं बाय" म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून जी शिवी घातली ती इथे लिहिता येत नाही. राकेशची आई म्हणाली, "मग पिठल्याचं भांडं तरी परत द्या." सगळे गेले. सरस्वती मात्र तासाभराने परत येऊन मला एक पापलेट साफ करून देऊन गेली.

त्यानंतर तुझा फोन. दोन महिन्यांत पहिला. म्हणालीस, "रविवारी येते मी," आणि मी काही बोलायच्या आत ठेवून दिलास.

तर हे उत्तर घे. येऊ नकोस.

तुला वाटेल म्हातारा तोऱ्यात आला. तोरा नाही. तू रविवारी येशील ती काल मी रडलो म्हणून. माझी दया येऊन. आणि मग एक दिवस मी म्हणेन, आता तू आलीसच तर एका कपाने काय होतंय. मला मी चांगला माहीत आहे. तू जाताना एक गोष्ट बरोबर केलीस, आकडा सांगितलास. आकड्याशी मला गोड बोलता येत नाही. तेव्हा फेब्रुवारीपर्यंत तिथेच बस आणि मेथी निवड.

दार मी उघडणार नाही. अट तुझीच आहे.

गुरुदत्त


१९ फेब्रुवारी

चित्रा,

रिपोर्ट सोबत आहे. सात पॉइंट तीन.

सातच्या आत नाही.

डॉक्टर खुर्चीतून उठले, हात मिळवला. दहाच्या वरून इथवर, कमाल केलीत म्हणाले. वर्षालीने टाळ्या वाजवल्या. मी दोघांनाही आपली अट सांगितली नाही. क्लिनिकमधून निघालो आणि रस्त्यावर उभा राहून तो कागद पुन्हा पुन्हा बघितला, जणू बघून तो तीन खाली येणार होता. राकेशला सांगितलं, तर म्हणतो, "काका, पॉइंटच्या पुढचं कोण बघतं? काकूंना सांगा सात." खोटं कशाला बोलू, तेवढा मोह झाला. फोन असता तर बोललोही असतो कदाचित. म्हणून हा कागद मी घडी न घालता, जसा मिळाला तसा पाकिटात टाकलाय.

मला फार वाईट वाटलंय. पण पाय आपटणार नाही. पुन्हा तीन महिने. मे महिन्यात रक्त देईन. ते काही फार नाही. आंब्याचे दिवस असतील, ते तेवढं कठीण जाईल, पण आंबा माझ्याकडे चालत येत नाही, मीच त्याच्याकडे जातो. जाणार नाही.

कॉफी आता मला आवडते असं लिहिलं तर तू फाडून टाकशील हे पत्र. आवडत नाही. सवय झालीय. सकाळी कप हातात घेतो, कडू लागतं, आणि दिवस सुरू होतो. काम झालं.

एक गोष्ट मी तुला लग्नापासून कधी म्हटलेली नाही, तशी आपल्याकडे पद्धत नव्हती. मला तुझी आठवण येते. रोज येते. स्वयंपाकघरात जास्त येते. क्षिप्राने वाचलं तरी चालेल.

पण येऊ नकोस. मी हरलेलो नाही, थोडा मागे राहिलोय.

हे पत्र पेटीत टाकून जातोय. झाकण मी बसवलंय आज, नीट लागतं आता. वर येणार नाही.

गुरुदत्त


२१ फेब्रुवारी, सकाळ
(ओट्यावर, कॉफीच्या डब्याला टेकवून)

चित्रा,

तू अजून झोपली आहेस. उठवलं नाही. घोरतेयस, हे नंतर नाकारू नकोस.

काल बॅग घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की आकडा सातच्या आत नाही. तू म्हणालीस, "वाचता येतं मला. व्हा बाजूला." मी म्हटलं, अजून तीन महिने आहेत, मे उजाडेल. म्हणालीस, "उजाडू दे. तिथे बसून वाट बघायची ती इथे बसून बघते." आणि बॅग आतल्या खोलीत नेलीस. मग मला खुर्चीत बसवून माझा पाय मांडीवर घेतलास आणि एकेक बोट बाजूला करून बघितलंस. मी बोलायला गेलो असतो तर पुन्हा त्या सतरंजीवरच्या संध्याकाळसारखा हमसून रडलो असतो.

आता मुद्द्याचं. घरात दूध नाही. तू उठशील आणि म्हणशील, असू दे, मीही कोरीच घेते तुमच्याबरोबर. चालणार नाही. तुला काळ्या चहाचा वाससुद्धा सोसत नाही, आणि माझ्यासाठी तू जिवावर उदार होऊन कॉफी गिळावीस असं मी काही केलेलं नाही. तुझी कॉफी पूर्ण दुधाची होईल, जायफळ घालून, दोन चमचे साखर. मी करीन. तुझ्यासमोर बसून माझी पिईन. वास येईल, जीव कासावीस होईल, होऊ दे. घोट मागणार नाही.

कोपऱ्यावर जाऊन आलोच. छोटी पिशवी आणतो, तुझ्यापुरती.